आजारपणातले पथ्याचे पदार्थ : राजेश्वर परिसरातील घरगुती पद्धती

घरात कोणाला ताप आला की पूर्वी आई-आजी आधी कपाळाला हात लावून बघत आणि मग चुलीकडे वळत. राजेश्वर, हुमनाबाद, बसवकल्याण या आपल्या भागात आजाऱ्याचे पदार्थ ठरलेले होते. आज बऱ्याच घरांतून ते मागे पडले आहेत. नव्या पिढीला माप आणि कृती माहीत असावी, म्हणून ही माहिती एकत्र दिली आहे.

पार्श्वभूमी

1956 च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि आपला भाग म्हैसूर राज्यात आला. स्वयंपाकघर मात्र एकच राहिले. ज्वारी, तूर, मूग व हुलगे ही इथली पिके, त्यामुळे आजाऱ्याचे अन्नही त्यांचेच. आयुर्वेदातही मंड, पेया, विलेपी असा पातळापासून घट्टाकडे जाणारा क्रम सांगितला आहे. आपल्या घरांतली रीत तीच होती : आधी पातळ, मग मऊ, शेवटी भाकरी.

ज्वारीची आंबील

दोन मोठे चमचे ज्वारीचे पीठ एक वाटी पातळ ताकात रात्री कालवून ठेवावे. सकाळी दोन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात हे मिश्रण ढवळत सोडावे आणि पाच-सात मिनिटे शिजवावे. मीठ व जिरेपूड घालून कोमट द्यावी. निरोगी माणसासाठी लसूण-मिरची चालते, आजाऱ्यासाठी नाही. कन्नड घरांत हीच ‘अंबली’.

कण्या

ज्वारी जाडसर भरडून, पाखडून, धुऊन घ्यावी. एक वाटी कण्यांना पाच ते सहा वाट्या पाणी घालून मंद आचेवर मऊ शिजवाव्यात. ताक किंवा दूध घालून खातात. कन्नडमध्ये यांना ‘नुच्चु’ म्हणतात.

हा शब्द मी आजारपणातच शिकलो. बँकेतील नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत बदलीच्या गावी एका खोलीत एकटाच राहत होतो. टायफॉइड झाला. घरमालकीण कन्नड बोलणाऱ्या, सगळे त्यांना अव्वा म्हणत. माझे कन्नड तेव्हा काउंटरवर भागेल इतपतच होते. त्यांनी वाटीभर काहीतरी पांढरे आणून ठेवले आणि ‘नुच्चु, मज्जिगे’ एवढेच म्हणाल्या. पहिला घास घेतला आणि कळले, या तर आईच्या कण्या आणि ताक. पुढे दहा-बारा दिवस त्यांनी ती वाटी चुकवली नाही.

मुगाची मऊ खिचडी

एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, चिमूटभर हळद व मीठ. कुकरच्या नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त कराव्यात. वरून चमचाभर साजूक तूप. ताप उतरल्यावर पहिले जेवण म्हणून बहुतेक घरांत हीच असे.

हुलग्याचे माडगे

सर्दी-पडशाला आणि अंग दुखत असेल तर हे करतात. भाजलेल्या हुलग्यांचे दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून दोन वाट्या उकळत्या पाण्यात घालावे. गूळ व सुंठ घालून शिजवावे, आवडत असल्यास शेवटी थोडे दूध. गरम असतानाच प्यावे. जुलाब होत असताना मात्र देऊ नये, पचायला जड आहे.

काढा

सुंठ, तुळस, गवती चहा व गूळ घालून पाणी निम्मे आटवावे. घशाला आराम वाटतो. एक वर्षाच्या आतील बाळाला काढ्यातून किंवा कशातूनही मध देऊ नये.

एक चुकीची समजूत

जुलाब लागले की पाणी बंद करायचे, अशी समजूत आपल्याकडेही होती, आणि लहान मुलांच्या जिवावर बेतणारी तीच आहे. शरीरातून गेलेले पाणी व क्षार परत मिळालेच पाहिजेत. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरावी. नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. माप चुकवू नये, मीठ जास्त झाले तर अपाय होतो. अंगावरचे दूध बंद करू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

• ताप तीन दिवसांत उतरला नाही
• शौचातून रक्त पडते
• लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा ग्लानी आली
• पाणीही पोटात ठरत नाही

लहान बाळ व वृद्ध यांच्या बाबतीत इतकीही वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी गुळाचे पदार्थ, तर रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मीठ व ताक डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. हे पदार्थ औषधाच्या जागी नाहीत, औषधाबरोबरचे आहेत.

सभासदांना विनंती

वरील मापे आमच्या घरातील आहेत. आपल्या घरी वेगळी पद्धत असल्यास घरातील ज्येष्ठांना विचारून ती मापासह लिहून ठेवावी आणि मंडळाकडे पाठवावी. ‘अंदाजाने घालायचे’ असे त्या म्हणतील. तेव्हा त्यांच्याच हातचा अंदाज वाटीत ओतून मोजून घ्यावा.