दख्खनचे कागद कोण वाचणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात आम्ही चांदबीबीविषयी सांगत होतो. १५९५-९६ साली शाहजादा मुरादच्या मोगल फौजेपुढे अहमदनगरचा किल्ला तिने कसा लढवला, पडलेला तट रातोरात कसा बांधून काढला, हे सारे मुले कान देऊन ऐकत होती. इतक्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, चांदबीबी की अम्मी का नाम क्या था?"

वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. आम्ही बी.एड. झालेले, इतिहास शिकवणारे, किल्ल्याच्या सावलीत वाढलेले. डोंगरावरच्या सलाबतखानाच्या मकबऱ्याला सारे गाव 'चांदबीबीचा महाल' म्हणते, तसे आम्हीही लहानपणापासून म्हणत आलो. २०२४ साली शहराचे सरकारी नाव अहिल्यानगर झाले, तेव्हा नावावर पुष्कळ चर्चा ऐकली. पण ज्यांनी हे शहर वसवले त्यांच्या घरातली माणसे आम्हाला तरी कुठे ठाऊक होती?

उत्तर शोधता शोधता आम्ही पुण्याला पोहोचलो. चांदबीबीच्या आईचे नाव खुंजा हुमायून. ती हुसेन निजामशाहाची राणी. १५६५ साली हुसेनशाह वारला आणि मुलगा मुर्तजा गादीवर आला, तेव्हा काही वर्षे राज्याचा कारभार तिच्या हाती होता. हुसेनशाहाच्या गौरवासाठी आफताबी नावाच्या शायराने फारसीत 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे काव्य रचले. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने पुण्यात जपून ठेवली आहे. त्यातली बारा चित्रे आज शिल्लक आहेत. दख्खनी चित्रकलेचा हा अगदी सुरुवातीचा नमुना, आणि तो आमच्या अहमदनगरचा!

या चित्रांत राजाशेजारी राणी बसलेली होती. पुढे राणीची सत्ता गेली आणि बहुतेक चित्रांतून तिची आकृती पुसून टाकण्यात आली. राजा आहे, सिंहासन आहे, राणीच्या जागी मात्र डाग आहे. पण काव्यात तिचे वर्णन राहिले. चित्र पुसणाऱ्याला शब्द पुसता आले नाहीत. डेक्कन कॉलेजातले अभ्यासक डॉ. ग. त्र्यं. कुलकर्णी आणि डॉ. म. श्री. माटे यांनी हे काव्य भाषांतरासह संपादित केले आणि १९८७ साली मंडळाने ते प्रसिद्ध केले. म्हणून आमच्यासारख्या मास्तराला त्या मुलीला उत्तर देता आले. हस्तलिखित जपणारी संस्था, ते वाचणारा अभ्यासक आणि वर्गात शिकवणारा शिक्षक या साखळीतली एक कडी जरी तुटली असती, तरी ते नाव वर्गापर्यंत आले नसते.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या आजोळी एक लाकडी पेटी होती. तिच्यात पिवळे पडलेले कागद होते. काहींवर शिक्के होते, काहींवर घाईने लिहिलेली शिकस्ता अक्षरे. कोणाला वाचता येत नव्हते. नाना वारले, घर पाडायला काढले, तेव्हा थोरांनी ठरवले की कागद अरबी लिपीतले आहेत, बेअदबी नको. मग पेटीतले सारे कागद विहिरीत थंड केले. हेतू नेक होता. पण ती जमिनीची सनद होती, हिशेब होता की कोणाचे पत्र होते, हे आता कधीच कळणार नाही. वाचकहो, अशा किती पेट्या आपल्या मोहल्ल्यांतून विहिरीत गेल्या असतील!

याच्या अगदी उलट दाखला मुंबई विद्यापीठाचा. राजाबाई टॉवरच्या इमारतीतील त्या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखिते जमली होती. एल्फिन्स्टन कॉलेजातले फारसीचे प्राध्यापक खान बहादूर शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी त्यांची वर्णनात्मक सूची केली आणि विद्यापीठाने ती १९३५ साली छापली. सूची म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. जुन्या फारसी हस्तलिखिताला पुष्कळदा मुखपृष्ठच नसते. म्हणून सूचीकार पहिली ओळ आणि शेवटची ओळ नोंदवतो, पाने मोजतो, अखेरच्या तरकीम्यातून नकल करणाऱ्याचे नाव आणि साल काढतो. मग दूर बसलेल्या अभ्यासकालाही कळते की आपल्याला हवे ते कुठे आहे. सूची नसेल तर हस्तलिखित ग्रंथालयात असूनही नसल्यासारखेच!

पुढे १९५७ साली कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी इस्माइली पंथाच्या हस्तलिखितांचा आपला संग्रह याच विद्यापीठाला दिला. पिढ्यान् पिढ्या घरात जपलेली ही किताबे बाहेरच्याला दिसणेही अवघड होते. फैजींनी ती अभ्यासकांसाठी खुली केली. १९६५ साली मुइज्ज गोरियावाला यांनी केलेली त्यांची सूची विद्यापीठाने छापली. आज जगभरचे अभ्यासक या संग्रहाचा हवाला देतात.

एक कडवी गोष्टही बोलली पाहिजे. निजामशाहीचा फारसी इतिहास 'बुरहान-ए-मआसिर' दरबारातल्या सय्यद अली तबातबाने लिहिला. तो १९६२ साली मराठीत आणला डॉ. भ. ग. कुंटे यांनी. ऐतिहासिक फारसी कागदांचे खंड संपादित केले ग. ह. खरे यांनी. ज्यांच्या घरात फारसी नव्हती त्यांनी ती मेहनतीने शिकून घेतली आणि आपल्यासाठी हा खजिना उघडला. ज्यांच्या घरात ती होती, त्यांच्यात सरफराज आणि फैजींसारखे थोडे निघाले. बाकी आपण कागद थंड करीत राहिलो. यात दोष कोणा दुसऱ्याचा नाही.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांकडे काय नाही, हे आपण रोज ऐकतो. त्यांच्याकडे काय आहे तेही पाहावे. नस्तालीक अक्षर त्यांना पहिलीपासून येते. ती मराठी वाचतात, घरी दखनी बोलतात. उर्दू येते म्हणजे फारसी आली असे नाही, आणि शिकस्ता वाचायला वर्षे लागतात, हे आम्ही जाणतो. तरी दाराशी ती पोहोचलेलीच आहेत. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९५० साली सुरू झालेले तिथले जयकर ग्रंथालय आपल्याही मुलांचे आहे. पण आपली मुले तिकडे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे काही मागायला जातात का? जुनी फारसी वाचणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत. वाचणारा गेला की कपाटातले कागदही विहिरीतल्या कागदांसारखेच मुके होतात.

म्हणून आमची विनंती छोटी आहे. घरात जुने कागद असतील तर थंड करण्याआधी कोणा जाणत्याला दाखवा. देता येत नसतील तर निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवा. आपल्या नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात मुलांना घेऊन जा. आणि दहा मुलांतले एक तरी इतिहासाकडे, फारसीकडे वळत असेल तर 'इससे नौकरी मिलेगी क्या?' असे विचारून त्याला माघारी फिरवू नका.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर खुंजा हुमायूनचे नाव लिहिले. त्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "सर, वो किताब हम पढ़ सकते हैं?" आम्ही म्हणालो, "हाँ बेटी, पढ़ना सीख लो तो." तो शब्द आम्ही दिला आहे. तो पाळणे एकट्या मास्तराच्या हातात नाही.