कृत्रिम प्रकाश व वनस्पतिवाढ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बंदिस्त जागेतील रोपांसाठी दिवा निवडताना बहुधा त्याचा लखलखाट पाहिला जातो. इतिहासाची साक्ष मात्र वेगळी आहे. विद्युत-प्रकाशातही वनस्पती वाढतात, हे विल्यम सीमेन्स यांनी १८८० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. १८९१ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या लिबर्टी हाइड बेली यांनी दाखविले की, उघडा कमानदिवा रोपांना अपाय करतो. काचेच्या आवरणाने तो घटतो. प्रश्न तेजाचा नसून किरणांच्या प्रकाराचा होता. १९७२ मध्ये मॅक्री यांनी २२ पिकांवरील मोजमापांतून ४०० ते ७०० नॅनोमीटर हा उपयुक्त पट्टा पुष्ट केला. सारांश, लुमेन हे मानवी डोळ्याचे माप होय. रोपासाठी या पट्ट्यातील प्रकाशकणांची संख्याच निर्णायक मानावी.