रविवार मिळाला, बसायची जागा राहिली

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असं अजूनही बरेच जण मानतात. सरकारी कचेऱ्यांपुरतं ते खरंही आहे. पण मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला रविवार कुणी आणून दिला नाही, तो त्याने भांडून घेतला. शहराच्या पुनर्विकासाच्या गप्पा रोज कानावर येतात, म्हणून हा इतिहास पुन्हा सांगावासा वाटला. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक. त्या सभांमधून ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या बघा. आठवड्याला रविवारची पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. कामावर इजा झाली तर भरपाई.

या यादीत पगारवाढ नाही! ज्यांचं हातावर पोट होतं, त्यांच्या पाचपैकी तीन मागण्या थांबण्याच्या होत्या. आजही 'विश्रांती' म्हटलं की ती पोट भरलेल्या माणसाची चैन, असं आपण सहज बोलून जातो. त्या ५,५०० माणसांना तसं वाटत नव्हतं. दिवसभर कापसाची धूळ छातीत घेणाऱ्याला अर्ध्या तासाची किंमत बरोबर कळते.

मालक लगेच ऐकणार नव्हतेच. सहा वर्षं गेली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली, हे आवर्जून लक्षात ठेवावं. शेवटी १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दोन्ही आल्या. १८९७ च्या प्लेगात लोखंडे गेले.

म्हणजे वेळ मिळाला. पण त्या वेळात माणसाने जायचं कुठे?

गिरणगावातली खोली म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. एका खोलीत इतकी माणसं की पाळीपाळीने झोपायचं. १९२० च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या, तिथेही एका खोलीचं क्षेत्रफळ १६० चौरस फूट. अशा खोलीत रविवार काढता येत नाही. तो काढला गेला चाळीच्या गॅलरीत, जिन्यावर, वरळीच्या जांबोरी मैदानात, १८६२ पासून खुल्या असलेल्या राणीबागेत. ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने परळला दामोदर हॉल उभा केला, तिथे कामगारांची नाटकं रंगली. भजनी मंडळं, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, सगळं याच जागांमधून उभं राहिलं. गॅलरी बांधणाऱ्याने ती फक्त ये-जा करायला बांधली होती. माणसांनी तिथे पाट टाकला आणि ती बैठकीची खोली झाली.

आता पुढचा भाग ऐका. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरण्यांची अखेर जवळ आली. मागे राहिली जवळपास ६०० एकर जमीन, तीही शहराच्या मधोमध. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळमानाने सांगायचं तर एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. लोखंड्यांच्या रविवारला शंभर वर्षांनी जागा मिळणार होती!

२००१ मध्ये नियम बदलला. ही वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याची झाली. गिरणीची शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून बाहेर. प्रकरण कोर्टात गेलं, २००५ ला हायकोर्टाने नागरिकांच्या बाजूने निकाल दिला, पण २००६ ला सुप्रीम कोर्टात तो फिरला. आज तिथे मॉल आहेत, टॉवर आहेत. मॉलमध्ये थंडगार हवा आहे, बाकडीही आहेत. पण म्हातारी माणसं रोज चार वाजता चपला घालून, खिशात पैसे न घेता, दोन तास बसायला तिथे जात नाहीत. हक्काची जागा आणि गिऱ्हाइकाची जागा यातला फरक त्यांना कळतो.

माझा पुनर्विकासाला विरोध नाही. १६० फुटांतून ५०० फुटांत जाणाऱ्या कुटुंबाचा आनंद खरा आहे, आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिलीय. जुन्या चाळीतल्या सामाईक संडासाचं कौतुक कुणीही करू नये. पण नव्या इमारतीत पार्किंगचे मजले मोजून आखले जातात, तसं माणसं एकमेकांना सहज भेटतील, सावलीत टेकतील, अशी जागा कोण आखतं? तिला खर्च फार लागत नाही. झाड, पाठ टेकता येईल असं बाकडं, प्यायचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, आणि 'येथे बसू नये' अशी पाटी नको. एवढं असलं तरी माणूस तिथे पुन्हा माणसात येतो.

पाच मागण्या लिहिणाऱ्यांनी विश्रांतीला हक्क म्हटलं, म्हणून तो कायद्यात आला. जागेचंही तसंच आहे. तुमच्या सोसायटीची किंवा चाळीची पुनर्विकासाची मीटिंग होईल, तेव्हा कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंड विचारून झाला की एक प्रश्न आणखी विचारा: संध्याकाळी बसायचं कुठे? आणि उत्तर तोंडी नको, नकाशावर दाखवायला सांगा.