तोंड जुळले तरी संकेत जुळायला हवा

पुण्याजवळच्या कासारवाडीभोवतीचा पिंपरी-भोसरी औद्योगिक पट्टा 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाल्यावर फोफावला. इथल्या जुन्या कारखान्यांत चालू प्रोजेक्टर कोणी फेकत नाही, लॅपटॉप मात्र बदलत राहतात. म्हणून या दोघांना जोडणाऱ्या ॲडॉप्टरची निवड म्हणजे मुळात दोन काळांची सांधेजोड. आयबीएमची 1987 ची पंधरा पिनांची व्हीजीए जोडणी ॲनालॉग, तर 2002 चे एचडीएमआय आणि 2006 चे डिस्प्लेपोर्ट डिजिटल. त्यामुळे नव्या लॅपटॉपवरून जुन्या प्रोजेक्टरच्या निळ्या व्हीजीए सॉकेटपर्यंत पोचायला संकेत बदलणारी चिप लागतेच. नुसती पिना जुळवणारी केबल कुचकामी. दिशाही पाहावी लागते: डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयकडे बहुधा साधा ॲडॉप्टर पुरतो, उलट जायला वीज घेणारा कन्व्हर्टर हवा.

कोणी म्हणेल, 2014 च्या यूएसबी-सीने हा घोळ मिटवला. तोंड एक झाले खरे, पण काही लॅपटॉपांत ते फक्त चार्जिंग आणि डेटापुरतेच असते. चित्र बाहेर येतच नाही. मग नवा प्रोजेक्टरच का घेऊ नये? इंटेल, एएमडी आदींनी 2010 मध्येच व्हीजीएला 2015 पर्यंतची मुदत दिली होती. लॅपटॉपांतून व्हीजीए गेलीही. पण छताला टांगलेला, भिंतीतून केबल ओढलेला प्रोजेक्टर बदलायचा तर सगळी वायरिंग उकरावी लागते. त्यापेक्षा दोन्ही टोकांचे संकेत आधी ओळखून घेतलेला ॲडॉप्टर केव्हाही स्वस्त.