एका क्षणाची किंमत: आतषबाजी, संथ चित्रण आणि परवडणारा कॅमेरा

१/
पेशव्यांच्या बखरीत एक प्रसंग आहे. महादजी शिंदे सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकवतात. तेथील राजा शहराबाहेर ‘दारूची लंका’ उभारतो आणि दारूचाच हनुमान ती पेटवून देतो. ते ऐकून पेशव्यांनाही तसा खेळ पाहण्याची इच्छा झाली आणि पुण्यात पर्वतीच्या परिसरात तो करवला गेला. भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी १९५३ साली भारतातील आतषबाजीच्या इतिहासावर लिहिताना या उताऱ्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले.

२/
पेशवेकालीन वर्णनांत दारूकामाचे अनेक प्रकार भेटतात: बाण, हातनळे, फुलबाज्या, चंद्रज्योती, नारळी झाडे. या नावांवरून आकार ताडता येतो, गती ताडता येत नाही. झाड किती वेळात उमलले, ठिणग्या कोणत्या वळणाने खाली आल्या, हे शब्दांत उतरत नाही. डोळ्यालाही ते नीट टिपता येत नाही. ते टिपणारे यंत्र घडवण्याचा प्रयत्न गेली पावणेदोनशे वर्षे चालू आहे. स्वस्त कॅमेरा निवडताना काय पाहावे, याचे उत्तर त्याच इतिहासात आहे.

३/
१८५१, लंडन. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट याने ‘द टाइम्स’ वृत्तपत्राचा एक तुकडा चाकावर चिकटवला, खोलीत अंधार केला आणि चाक वेगाने फिरवले. लेडन जार या विद्युतसंचय करणाऱ्या साधनातून एकच ठिणगी पाडली. त्या प्रकाशात उमटलेल्या छायाचित्रात फिरत्या कागदावरची अक्षरे वाचता येत होती. कॅमेऱ्याची झडप तेव्हा मंद होती, पण ठिणगी जलद होती. अंधारात प्रकाश जितका वेळ टिकतो, तितकाच वेळ चित्रात उतरतो.

४/
ही युक्ती पुढे फार उपयोगी पडली. १८८६ साली एर्न्स्ट माख आणि पीटर साल्चर यांनी बंदुकीच्या गोळीभोवतीची आघात-तरंगे याच मार्गाने टिपली. आतषबाजीपुढे मात्र ही युक्ती चालत नाही. गोळी स्वतः प्रकाशत नाही, ठिणगी प्रकाशते. जी वस्तू स्वतःच दिवा आहे, तिच्यावर बाहेरून क्षणभर उजेड पाडून काही साधत नाही. तिच्यासाठी झडपच जलद हवी.

५/
जलद झडप म्हणजे पैसा. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची प्रसिद्ध छायाचित्रे घेतली. त्यासाठी १२ कॅमेरे ओळीने मांडले होते आणि समोर पांढरी पार्श्वभूमी उभी केली होती. घोड्याने दोरा तोडला की त्या जागेची झडप पडे. हा खर्च रेल्वेसम्राट आणि राज्याचा माजी गव्हर्नर लेलँड स्टॅनफर्ड याने उचलला. घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमीन सोडतात का, हे ठरवण्यासाठी एक धनाढ्य आश्रयदाता लागला.

६/
संथ चित्रपटाची कथा याहून करुण आहे. ऑस्ट्रियातील आउगुस्ट मुस्गर हा धर्मगुरू होता आणि भौतिकशास्त्राचा शिक्षकही. फिरत्या आरशांच्या साहाय्याने चित्रपट संथ दाखवण्याच्या रचनेचे पेटंट त्याने १९०४ साली घेतले. शुल्क भरणे न जमल्यामुळे १९१२ साली ते रद्द झाले. दोन वर्षांनी ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत हान्स लेमान याने हीच कल्पना सुधारून ‘त्साइटलुपे’, म्हणजे ‘काळाचे भिंग’, या नावाने जगापुढे मांडली. संथ चित्रणाचा आद्य संशोधकच त्याच्या खर्चापुढे हरला.

७/
पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत फिरत्या लोलकाचा ‘फास्टॅक्स’ कॅमेरा तयार झाला. तो सेकंदाला हजारो फ्रेम घेई. १६ मि.मी. फिल्मच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात, म्हणजे १०० फुटांच्या रिळात ४,०००. सेकंदाला ४,००० या वेगाने अख्खे रीळ एका सेकंदात संपते. बाण केव्हा फुटेल याचा अंदाज क्षणभर चुकला, तर रिकाम्या आकाशाचे १०० फूट धुऊन काढायचे. असे साधन प्रयोगशाळा आणि लष्कर यांच्याकडेच राहिले, यात नवल नाही.

८/
‘स्वयंप्रकाशी’ वस्तूचा प्रश्न अखेर सुटला तो अणुस्फोटांसाठी. एमआयटीचे हॅरल्ड एजर्टन विजेच्या क्षणिक दिव्यासाठी ख्यातनाम होते, पण अणुस्फोटापुढे दिवा निरुपयोगी. त्यांच्या ‘रॅपॅट्रॉनिक’ कॅमेऱ्यात यांत्रिक झडपेऐवजी एकमेकांना काटकोनात ठेवलेले दोन ध्रुवीकारक होते. एरवी त्यांतून प्रकाश जात नसे. मधल्या काचेभोवती चुंबकीय क्षेत्राचा झटका दिला की सेकंदाच्या काही दशलक्षांशांपुरती वाट उघडे. एका कॅमेऱ्यात एकच चित्र मिळे, म्हणून अनेक कॅमेरे रांगेत लावत. १९५२ सालच्या नेवाडातील चाचण्यांची चित्रे अशीच मिळाली.

९/
हे सारे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यात आले २००८ साली. कॅसिओ कंपनीने ‘ईएक्स-एफ१’ हा कॅमेरा सुमारे १,००० डॉलरना बाजारात आणला. त्या काळी व्यावसायिक अतिजलद कॅमेऱ्यांची किंमत दहा-दहा हजार डॉलरच्या पटीत मोजावी लागे. कॅसिओचा कॅमेरा सेकंदाला १,२०० फ्रेम घेई. जाहिरातीत हाच आकडा मोठा असे. त्याच्या पोटात दडलेला हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे.

१०/
३०० फ्रेमला चित्राचा आकार ५१२×३८४ बिंदू. ६०० ला ४३२×१९२. १,२०० ला अवघा ३३६×९६, म्हणजे एक अरुंद पट्टी. गुणाकार केला तर सेकंदाला अनुक्रमे ५.९, ५ आणि ३.९ कोटी बिंदू येतात. संवेदक एका सेकंदात किती बिंदू वाचू शकतो, हीच खरी क्षमता. फ्रेम वाढवल्या की चित्र आक्रसते. आतषबाजी आकाशभर पसरते, तेव्हा पट्टीत ती मावत नाही. या कॅमेऱ्यावर आतषबाजी टिपायची तर १,२०० पेक्षा ३०० चा पर्याय शहाणपणाचा होता.

११/
पुढची वाटचाल वेगवान झाली. २०१३ साली आयफोन ५एस मध्ये १२० फ्रेम आल्या, पुढच्या वर्षी आयफोन ६ मध्ये २४०. २०१५ च्या सोनी आरएक्स१००-४ या छोट्या कॅमेऱ्यात हजाराच्या आसपास फ्रेम मिळू लागल्या. २०१६ साली ‘क्रोनॉस’ हा कॅमेरा लोकवर्गणीतून उभा राहिला. १२८०×१०२४ बिंदूंच्या पूर्ण चित्रात तो सेकंदाला हजाराहून अधिक फ्रेम घेतो, म्हणजे जवळजवळ १४० कोटी बिंदू. तेव्हा त्याची किंमत सुमारे अडीच हजार डॉलर होती. प्रयोगशाळेच्या मानाने हे स्वस्त, विद्यार्थ्याच्या मानाने नव्हे.

१२/
मग आतषबाजीला वेग किती हवा? ठिणगी सेकंदाला ४८ मीटर वेगाने जाते असे धरू. २४ फ्रेमच्या चित्रपटात ती दर फ्रेमला २ मीटर उडी घेते. २४० फ्रेममध्ये २० सेंटिमीटर, ९६० मध्ये ५ सेंटिमीटर. फुलाचे उमलणे, भुईनळ्याचा फवारा, भुईचक्राची गिरकी यांसाठी २४० फ्रेम पुरेशा असतात. गोळ्याचे कवच फुटण्याचा क्षण हवा असेल, तरच हजारांची गरज. बहुतेकांना पहिलेच हवे असते आणि त्यासाठी २४० फ्रेम देणारा जुना वापरलेला फोनही चालतो.

१३/
खरेदीपूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, निवडलेल्या वेगाला चित्राचा आकार किती उरतो. दुसरी, चित्रण किती काळ चालते. २०१७ च्या एका नामांकित फोनमध्ये ९६० फ्रेमचे चित्रण सेकंदाच्या जेमतेम पाचव्या भागापुरते चाले. आरएक्स१००-४ मध्ये मात्र कळ दाबण्याआधीचे काही सेकंद जपून ठेवण्याची सोय होती. बाण फुटलेला पाहून मग कळ दाबता येते. फास्टॅक्सच्या रिळाला जे कधी जमले नाही, ते या सोयीने साधले.

१४/
तिसरी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला विशेष लागू. काही फोन जाहिरातीत ९६० सांगतात, पण प्रत्यक्षात त्याहून कमी फ्रेम घेऊन मधल्या फ्रेम संगणकाने रचतात. पोथीत नंतर घुसडलेल्या ओव्यांना ‘प्रक्षिप्त’ म्हणतात, या फ्रेमही तशाच. दिसायला ओघवत्या, पुरावा म्हणून निरुपयोगी. ठिणगीचा मार्ग जिथे तुटला तिथे यंत्राने सरळ रेष जोडलेली असू शकते. म्हणून वर्णनात ‘प्रत्यक्ष’ वेग किती, हे शोधावे.

१५/
कॅमेरा हाती आल्यावर प्रकाशमापन स्वयंचलित ठेवू नये. काळे आकाश पाहून यंत्र जास्त उजेड घेते आणि स्ट्राँशियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा हे सारे रंग पांढरेफटक होतात. उजेड हाताने कमी करावा. चित्रकेंद्रही दूरच्या दिव्यावर आधीच स्थिर करावे. तिपाई हवीच. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे राहू नये, नाहीतर धूर थेट भिंगावर येतो.

१६/
आणि शेवटी नोंद. संथ चित्रफितीत सेकंदाला किती फ्रेम घेतल्या हे लिहिलेले नसेल, तर तिच्यावरून ठिणगीचा वेग मोजता येत नाही. फाइलच्या नावातच तारीख, गाव, दारूचा प्रकार, तो बनवणाऱ्या कारागिराने सांगितलेले नाव आणि फ्रेमचा वेग लिहावा. मूळ फाइल जशीच्या तशी जपावी, संपादित प्रत वेगळी ठेवावी. पेशवेकाळातून नारळी झाडाचे नाव आपल्यापर्यंत आले. आजही जत्रांत हातांनी दारूकाम करणारे कारागीर आहेत. त्यांच्या झाडांची नावे आणि गती, दोन्ही आता एका जुन्या फोनवर नोंदवता येतात.