नोंद आणि ओळख

मराठी व्याकरणात तिसरे लिंग आहे. पण ‘मूल’ मोठे झाले की भाषा त्याला ‘तो’ किंवा ‘ती’ म्हणते. वसाहतकालीन कायद्याने या दोहोंपलीकडील व्यक्तींची दखल घेतली, ती संशयित म्हणून. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागान्वये, नोंद झालेल्या हिजड्याने स्त्रीवेषात रस्त्यावर दिसणे हा अपराध ठरला. मृत्युपत्राचा व दत्तकाचा अधिकारही गेला. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नालसा’ निकालात आपली लिंगओळख आपणच ठरविण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने व्याख्येत ‘जेंडरक्वीअर’ व्यक्तींचा समावेश केला. मात्र ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले. नोंदीमागील हेतू पालटला. ओळख कोणी ठरवावी, हा १८७१ चा प्रश्न मात्र मिटला नाही.