बंद पडलेला संगणक आणि नेवाशाची पोथी

घरचा संगणक सुरू होईना की दुकानदार सहज विचारतो, ‘फॉरमॅट मारू का?’ यंत्र वाचतं, लग्नाचे फोटो जातात. जाणकार माणूस आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढतो आणि डागडुजी त्या नकलेवर करतो. मूळ डिस्कवर काहीही लिहीत नाही. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेली फाइल, तिच्या जागी दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत, बहुधा शाबूत असते.

पोथ्यांच्या काळातही हाच पेच होता. आमच्या नगर जिल्ह्यातल्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती पहिली प्रत आज नाही. नकलेवरून नकला होत पाठ बिघडला. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथांनी तो शुद्ध केला आणि यात कुणी आपली ओवी घालू नये असं बजावलं. माझ्या धंद्याच्या भाषेत, फाइल ‘रीड-ओन्ली’ केली! पण कुठला शब्द का बदलला, याची नोंद आपल्या हाती नाही. शिवाय शुद्ध प्रत इतकी रुजली की जुन्या पोथ्या नकलायचं कारणच उरलं नाही.

पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांना बीडच्या पाटांगणावर एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे, असा त्यांचा दावा. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली. दाव्यावर वाद झाले. ते मिटवायला मूळ पोथी हवी, ती आता उपलब्ध नाही. १९६० साली सरकारने काढलेली ज्ञानेश्वरी राजवाड्यांच्या त्या छापील नकलेवरच उभी आहे.